ड्रिलच्या बॅटरीवर दिवा चालवताना

कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी एरवी पडूनच असते, म्हणून तिच्यावर एलईडी पट्टी किंवा छोटा पंखा चालवायचा जुगाड बरेच जण करतात. करायला हरकत नाही. फक्त आधी हे बघा, की बॅटरी उतरत आली की सप्लाय तोडतं कोण? कित्येक कंपन्यांमध्ये ही सोय बॅटरीत नसून ड्रिलमध्ये असते. ड्रिल वगळून थेट वायरी जोडल्या, तर दिवा मंद होत होत सेल पार पिळून काढतो. लिथियम सेल 2.5 व्होल्टच्या बराच खाली गेला की कायमचा खराब होऊ शकतो, आणि चार्जरही अशी बॅटरी बहुधा घेत नाही.

18 व्होल्ट आणि ‘20 व्होल्ट मॅक्स’ आतून सारख्याच (मोठा आकडा जाहिरातीपुरता). ओळीने 5 सेल, पूर्ण भरल्यावर साधारण 21 व्होल्ट. तेव्हा 12 व्होल्टच्या पट्टीआधी बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून देणारं छोटं सर्किट) हवाच, आणि त्याच्याही आधी 15 व्होल्टला सेट केलेलं लो-व्होल्टेज कट-ऑफ मॉड्यूल, म्हणजे बॅटरी तेवढी उतरली की सप्लाय तोडणारं सर्किट.

प्लसच्या वायरीवर फ्यूज टाका, छोट्या पट्टीला 3 अँपिअरचा पुरतो. पण तो बॅटरीला अगदी खेटून हवा. दिव्याकडच्या टोकाला लावलात, तर मधली वायर घासून शॉर्ट झाली तरी तो उडणार नाही.

वायरी बॅटरीच्या पत्र्यांवर सोल्डर करू नका, तयार अडॅप्टर बेस मिळतो. काम झालं की बॅटरी त्यातून काढूनच ठेवा, कारण मॉड्यूल स्वतःही थोडा करंट खात राहतं.