आयलेट बसवल्यावर साखर पुन्हा चढली, तर कारण कसं शोधायचं

टाइप वन मधुमेहासाठी परदेशात आयलेट प्रत्यारोपण (दात्याच्या स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके बसवणं) करून ठाण्याला परतलेल्या रुग्णाची साखर चढू लागली, की घरात पहिला शब्द निघतो तो 'रिजेक्शन', म्हणजे बसवलेल्या पेशी शरीराने नाकारणं. तेवढंच कारण नसतं. आधी किती दिवस झाले ते बघा.

पोर्टल शिरेतून (आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या) यकृतात सोडलेल्या आयलेटना रक्त लागताच भोवती गुठळ्या धरतात, सूज येते, आणि बरीच आयलेट पहिल्या काही दिवसांतच मरतात. उरलेल्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत प्राणवायू कमी पडतो. म्हणून सुरुवातीचे आठवडे इन्सुलिन चालूच ठेवतात, पेशींना विसावा मिळावा म्हणून. काही महिन्यांनी काम घटलं, तर गॅड अँटीबॉडी (शरीर स्वतःच इन्सुलिनच्या पेशींवर उठल्याची खूण) आणि दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी तपासून घ्या. मूळ आजारही उलटू शकतो. वर्षांनी घटलं, तर तुटपुंज्या पेशी भार वाहून थकलेल्या असू शकतात. त्यात रिजेक्शन रोखणारं औषध टॅक्रोलिमस आयलेटमधल्या बीटा, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना बाधतं, आणि तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून आधी पोर्टल शिरेतच उतरते, म्हणजे सर्वांत कडक मात्रा नेमकी आयलेटच्या वाट्याला.

आता तपासणी. टॅक्रोलिमसची पातळी सकाळच्या गोळीआधी, रात्रीच्या गोळीला १२ तास झाल्यावर द्या; गोळी घेऊन गेलात तर आकडा फुगून येतो. सी-पेप्टाइड (पेशी इन्सुलिन बनवताना सोबत सुटणारा तुकडा) आणि साखर एकाच वेळी काढलेल्या रक्तातून हवी, कारण साखर खाली असली की निरोगी पेशीही गप्प बसतात. क्रिएटिनिनही बघा, मूत्रपिंड मंदावलं की सी-पेप्टाइड खोटं वर दिसतं. सी-पेप्टाइडचा नमुना गरमीत बिघडतो. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बाइकच्या पिशवीतून नेण्यापेक्षा लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या.

मग खाणं आणि औषधं आठवा. गणपतीत घरात आलेलं पपनस टॅक्रोलिमस वाढवतं. पावसाळ्यातले जुलाबही वाढवतात. टीबीचं रिफाम्पिसिन उलट पातळी इतकी पाडतं की आयलेट उघडी पडतात. गुडघ्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन नुसतीच साखर चढवतं.

आठवड्यात उपाशीपोटी तीनहून जास्त वेळा १४० च्या वर, किंवा जेवणानंतर दोन तासांनी चारहून जास्त वेळा १८० च्या वर गेली, तर डॉक्टरांना विचारून थोडं इन्सुलिन सुरू करा. लांबवू नका. चढती साखर उरलेल्या पेशी जाळते. कॅनडातल्या एडमंटनला आयलेट बसवलेल्या रुग्णांमध्ये पाच वर्षांनी जेमतेम १० टक्के इन्सुलिनविना होते, पण सुमारे ८० टक्क्यांमध्ये सी-पेप्टाइड टिकून होतं, आणि झोपेत साखर कोसळण्यापासून तेवढंही वाचवतं.

'इन्सुलिन लागलंच, मग या रिजेक्शन रोखणाऱ्या गोळ्या कशाला' म्हणून त्या परस्पर बंद करू नका. उरलेली आयलेट जातातच, वर दात्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात आणि पुढे मूत्रपिंड बसवायची वेळ आली तर जुळणारा दाता मिळणं अवघड होतं.