प्रेग्नन्सीत घरातली केमिकल्स कशी सांभाळायची

बडोद्यात नंदेसरीला केमिकल प्लँटमध्ये जाणारे खूप जण आहेत, तर घरात कोणी प्रेग्नंट असेल तर कामावरचे कपडे-बूट दाराशीच काढायचे, आंघोळ करायची आणि ते कपडे वेगळे धुवायचे, तिने नाही हं, ज्याचे त्यानेच.

सगळ्यात वाईट शिसं. नाळेतून सरळ बाळापर्यंत जातं, वजन कमी भरू शकतं, मेंदूच्या वाढीवर पण परिणाम होतो. 2017 पासून घरगुती रंगात 90 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग) वर शिसं चालत नाही पण भिंतीवरचे जुने थर तर तसेच आहेत ना, घासले की त्यांची धूळ उडते, म्हणून डोहाळजेवणाआधी घर घासून रंगवायची हौस राहू द्या. अंगात लोह-कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, तेव्हा डॉक्टरनी दिलेल्या गोळ्या चुकवू नका.

बंद खोलीत मच्छर कॉइल नको, मच्छरदाणी लावा. सिगरेटच्या धुराने बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो, ओढणाऱ्याने गॅलरीत नाही, सरळ खाली जावं. टॉयलेटचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीच ओतू नका, क्लोरीन निघतो.

ती स्वतः लॅबमध्ये किंवा पार्लरमध्ये काम करत असेल तर बाटल्यांच्या लेबलचे फोटो काढून पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरना दाखवा, कारण अवयव पहिल्या 3 महिन्यांतच बनतात.