गोडी छाटणीआधी बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर आणि त्याचं शेड, एवढं कराच

द्राक्षाच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची तारीख धरली की आपण पहिल्यांदा मजुरांना फोन लावतो, मग डोळे फुटायला काडीला लावायच्या पेस्टचं सामान, मग औषधांची यादी, आणि ट्रॅक्टर आपला शेडात तसाच उभा. पावसाळाभर थोडाफार फिरलेला, मागं औषध फवारायचा ब्लोअर जोडलेलाच, वर कोंबड्या बसलेल्या. आपल्या सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस कुठंही जावा, जुन्या बागायतदाराकडं पंधरा-वीस वर्षांचा १५ ते २५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर असतोच, मित्सुबिशी म्हणा, युवराज म्हणा, कुबोटा म्हणा, आणि मांडवाखाली दोन ओळींतनं घुसायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काय नाही. म्हणून सांगतो, छाटणीच्या आधी निदान पंधरा दिवस त्याच्याकडं बघा. एकदा पोंगा, म्हणजे डोळ्यातनं नवा कोंब फुटला आणि वरनं पाऊस लागला की डावणीसाठी (पानाघडावर येणारा केवडा रोग) दिवसाआड फवारणी, कधी कधी तर रोज, आणि त्या दिवसात मशीन बंद पडलं तर मिस्त्री पण मोकळा नसतो कारण सगळ्यांचीच गडबड एकदम असते.

माझं स्वतःचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी बाग पाच-सहा पानावर होती, रात्री पाऊस पडला, पहाटे सेल्फ मारला, इंजिन लगेच सुरू झालं, क्लच दाबला आणि गिअर पडेना, नुसता करकर आवाज. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. पावसाळ्यात दीड महिना ट्रॅक्टर हललाच नव्हता आणि शेडात खाली ओल, दुसरं कारण काय नाही. मिस्त्रीनं ट्रॅक्टर मधनं फोडला, दोन दिवस गेले, शेजाऱ्याची बाग फवारून संपल्यावर रात्री अकराला त्याचा ट्रॅक्टर आणून फवारलं पण तोवर खालच्या अंगाच्या ओळीत घडावर डावणी आलीच. तेव्हापासनं ट्रॅक्टर आठ दिवसाच्या वर उभा राहणार असला की मी क्लच पूर्ण दाबून पेडलखाली... म्हणजे पेडल वर येऊ नये असा लाकडी ठोकळा अडकवून ठेवतो, प्लेट सुटी राहते. बाभळीचा हातभर तुकडा पुरतो, पैसा लागत नाही. आणि दहा-पंधरा दिवसातनं एकदा चालू करून अर्धा तास तरी वस्तीपर्यंत फिरवून आणा. पाच मिनिटं जागेवर धडधडवून बंद करू नका, इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ ऑईलमधीच राहते आणि उलट गंज वाढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपण कुणी मनावर घेत नाही. बागेतला ट्रॅक्टर ओढकामानं फारसा खराब होत नाही, तो फवाऱ्याचं औषध अंगावर वाळवत उभा राहिल्यानं जातो. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण करताना आपण काय करतो, विळा घासून चकचकीत करतो आणि त्या द्रावणात बुडवून बघतो, विळ्यावर तांबूस थर चढला की म्हणतो चुना कमी पडलाय, अजून निवळी घाल. तो तांबूस थर म्हणजे मोरचुदातलं तांबं विळ्यावर बसलंय आणि तेवढंच विळ्याचं लोखंड विरघळून गेलंय. तीच गोष्ट ट्रॅक्टरच्या मागच्या बोल्टला, अवजार जोडायच्या लोअर लिंकच्या पिनला, पीटीओच्या (ब्लोअरला फिरवणारा मागचा शाफ्ट) दातऱ्याला, बॅटरीच्या पेटीला हंगामभर होत असते, फरक एवढाच की ते बघायला आपण वाकत नाही. माझ्या टॉप लिंकची पिन शेवटी गॅस कटरनं तोडावी लागली. गंधक आणि बाकीची औषधंही मागं चिकटून राहतात, वर दव पडलं की परत ओली होतात.

म्हणून प्रत्येक फवारणीनंतर, कितीही रात्र झाली तरी, आधी टाकीत साधं पाणी घेऊन ते पंपातनं आणि नोझलमधनं पाच मिनिटं बाहेर काढा, मग ट्रॅक्टरचा मागचा भाग धुवा. हे पाणी विहिरीजवळ किंवा जनावराच्या हौदाजवळ सोडू नका, बागेतच सोडा. धुताना जेट मशीनचा फवारा थेट अल्टरनेटर, स्टार्टर, बेरिंग आणि ऑईल सीलवर मारायचा नाही. रेडिएटरच्या जाळीला तर जवळनं जेट मारूच नका, पापुद्रे वाकतात, साध्या नळीनं फॅनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं पाणी सोडा म्हणजे अडकलेली पानं, धुरळा आला तसा निघून जातो. वाळलं की उघड्या लोखंडावर, पिनांवर, पीटीओ शाफ्टच्या आतल्या सरकत्या नळीला ग्रीस लावा आणि सगळ्या निप्पलना ग्रीसची गन मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, हळद-कुंकू लावतो. बऱ्याच जणांची छाटणी त्याच्या आगंमागंच असते, तेव्हा त्या दिवशी नुसतं वरनं धुऊ नका, बॉनेट उघडा. माझ्या वडिलांच्या वेळी पूजेच्या आदल्या दिवशी ऑईल बदलायचंच असा शिरस्ता होता आणि तो चांगला होता.

ऑईल बदलून किती तास झालेत ते आठवत नसेल तर सरळ बदला, फिल्टरसकट. ऑईल काढताना पहिली धार हातातल्या भांड्यात धरा, दुधाळ दिसली तर आत पाणी गेलंय. गिअर आणि हायड्रॉलिकच्या ऑईलचंही तसंच बघा, विशेष करून कृष्णा-वारणेच्या काठच्या लोकांनी. २००५, २०१९, २०२१ ला ज्यांच्या शेडात पाणी शिरलं त्यांना मी सांगायची गरज नाही, पण ज्यांच्या मशीनला पुराचं पाणी लागलंय त्यांनी ‘बघू चालू होतंय का’ म्हणून सेल्फ मारायचाच नाही, आत पाणी असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी मिस्त्री, आधी सगळं ऑईल, डिझेल काढणं. आणि पुढच्या पावसाळ्यापासनं सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटाच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की मशीन वर गावठाणात न्यायचं, ४५ फुटाच्या धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही.

डिझेलचं थोडक्यात. अर्धी टाकी ठेवून महिनाभर उभा केला की रात्रीच्या गारव्यात टाकीत आतनं दव धरतं. टाकी भरून ठेवा. आता चालू करण्याआधी फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या, अर्धा तास ठेवा, पाणी असलं तर खाली वेगळं बसलेलं स्पष्ट दिसतं. असेल तर फिल्टर बदला आणि डिझेलच्या लाईनमधली एअर काढून घ्या.

पाण्याचं मात्र सविस्तर सांगतो कारण यात चूक जास्त होते. थंडीच्या देशात असेच छोटे जुने ट्रॅक्टर पुढं फाळ लावून दारातला बर्फ लोटायला वापरतात, तिथं रेडिएटरमधी साधं पाणी राहिलं तर ते गोठून फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक चिरतो. आपल्याकडं ती भीती नाही, म्हणून आपण काय करतो, बोअरचं पाणी ओततो आणि विषय संपला. पण आपल्या भागातलं बोअरचं पाणी कडक, त्याचा पांढरा थर आत बसतो, तपेल्याला बसतो तसाच. कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं, गंज आणि उकळणं पण ते थांबवतं. दुपारच्या उन्हात ब्लोअर फुल्ल चालवताना मीटरचा काटा वर जात असेल तर आधी आत काय साठलंय ते बघा. थंड इंजिनवर सगळं पाणी काढा, स्वच्छ पाण्यानं दोनदा खंगाळा, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. गरम इंजिनचं झाकण कधी उघडू नका, पोरांना पण सांगून ठेवा.

बॅटरीला मल्टीमीटर लावा, तीनचारशे रुपयात मिळतो आणि जन्मभर उपयोगी पडतो. ट्रॅक्टर चार तास बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. पाणी प्लेटांच्या वर बोटभर हवं, डिस्टिल्डच घाला. टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा फुलोरा कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, व्हॅसलीन लावा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फवारायला निघताना गार इंजिन जड फिरतं, कमी भरलेली बॅटरी तेव्हाच दगा देते. हीटर असलेल्या मशीनला हीटर नीट तापू द्या, मग सेल्फ, तोही सलग दहा सेकंदाच्या वर नको. आणि सेल्फ लागत नाही म्हणून खाली बसून स्क्रू ड्रायव्हरनं टर्मिनल जोडायचं काम बंद करा. गिअरमधी असला तर ट्रॅक्टर सरळ अंगावरनं जातो.

शेडाबद्दल. पाऊस आपल्याकडं पश्चिमेकडनं, नैर्ऋत्येकडनं मारतो, म्हणून उघडी बाजू पूर्वेला ठेवा. जमीन मुरमानं वीतभर उंच करून वर शहाबादी किंवा कोबा, ते जमत नसेल तर निदान चाकाखाली फळ्या आणि खाली जाड प्लास्टिक. ताडपत्री ट्रॅक्टरला घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो, वरनं छपरासारखी ताणा म्हणजे वारं खेळतं. त्याच शेडात मोरचूद, गंधक, युरियाची पोती ठेवायची नाहीत, ती दुसऱ्या खोलीत कुलपात, एकतर ती ट्रॅक्टरचं लोखंड खातात आणि दुसरं म्हणजे घरात लहान पोरं असतात. सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा उपडा घाला, एअर क्लीनरच्या तोंडाला जाळी बांधा, उंदीर दोन्हीकडं घर करतात आणि वायरी कुरतडतात. चालू करायच्या आधी डबा काढायचा म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधून ठेवा. उंदराच्या मागं घोणस पण येते, बॉनेटखाली हात घालायच्या आधी काठीनं ठोका, टॉर्च मारून बघा. बंद शेडात इंजिन चालू ठेवून काम करू नका, धूर डोक्यात जातो.

पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर छाटणीच्या आधी नवीन बसवाच. उपरणं, साडीचा पदर, रेनकोटची दोरी, काहीही गुंडाळायला एक सेकंद लागतो. माझ्या पाहण्यात असा हात गेलेला माणूस आहे, म्हणून हात जोडून सांगतो. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमधी खडखड असेल तर तोही बदला, आणि पंपाचं वायसर किट, एक फॅन बेल्ट, एक डिझेल फिल्टर घरात आणून ठेवा, जुन्या मशीनचे पार्ट ऐनवेळी मिळत नाहीत. जाताना जुना पार्ट नमुना म्हणून बरोबर न्या.

हे सगळं झालं की टाकीत नुसतं पाणी भरून मोकळ्या रानात ब्लोअर चालवून बघा. फॅन बंद ठेवून प्रत्येक नोझलखाली एकसारखी बाटली धरा, एक मिनिट मोजा, डावीकडचं उजवीकडचं पाणी शेजारी शेजारी ठेवा. शंभराला दहाच्या वर फरक दिसला तर त्या नोझलमधली घासलेली चकती तिथंच बदला आणि त्याच बाटल्या लावून परत एकदा मोजा.