चार्ल्सटनच्या खाडीत पहिल्यांदा पाग टाकणाऱ्यांसाठी

सप्टेंबर लागला की साउथ कॅरोलिनात नव्याने आलेली मंडळी मला विचारतात, कोळंबीला कधी नेताय? आनंदाने नेईन. पण आधी दोन आठवडे घरामागच्या गवतावर पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकायला शिका. हलत्या होडीत शिकणं फार अवघड.

दुकानात पागाचं माप लिहिलेलं असतं ते त्रिज्येचं. सुरुवातीला पाच-सहा फुटी पुरे. दोरीचा फास मनगटात घट्ट बसवा, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. जोर हाताचा नाही, कमरेच्या फिरकीचा असतो. जाळ्याची शिशाच्या वजनांची कडा गोल उघडून एकदम पाण्यावर पडली की जमलं. लांबट पडली तर कोळंबी बाजूने निसटते.

कागदपत्रांत हयगय नको. नुसत्या पागासाठी खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचं लायसन्स लागतं. आमिष लावून धरायची असेल तर त्याचं वेगळं लायसन्स काढा: राज्यातल्या रहिवाशाला २५ डॉलर, बाहेरच्याला ५००. म्हणून तुम्ही रहिवासी ठरता का, हे आधी तपासा. आमिषाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला एका शुक्रवारी दुपारी १२ वाजता उघडतो आणि ६० दिवस चालतो. एका होडीला आमिषाची जागा दाखवणाऱ्या जास्तीत जास्त १० काठ्या आणि दिवसाला ४८ क्वार्ट, म्हणजे साधारण ४५ लिटर, डोक्यासकट कोळंबी. जाळ्याचा डोळा अर्ध्या इंचाहून बारीक चालत नाही. ही कोळंबी विकायची नाही.

हंगाम याच वेळी का, तेही सांगतो. पांढरी कोळंबी वसंतात समुद्रात अंडी घालते, पिल्लं वाहत खाड्यांत येतात, उन्हाळाभर गवताच्या आडोशाला वाढतात आणि पाणी गार होऊ लागलं की परत समुद्राकडे निघतात. आपण त्या वाटेवर उभे असतो.

आमिष म्हणजे माशांची भुकटी आणि चिकणमाती मळून केलेले गोळे. उथळ पाण्यात काठ्या ओळीने रोवायच्या, प्रत्येकीजवळ गोळा टाकायचा, थोडं थांबायचं आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाग टाकत जायचं. सुकाणूवरच्या माणसाने होडी काठीपासून एका फेकीच्या अंतरावर ठेवायची. हे काम पाग टाकण्याइतकंच कौशल्याचं आहे, आणि नव्या माणसाने आधी तेच करावं असं माझं मत.

आता सर्वांत महत्त्वाचं. इथे भरती-ओहोटीत पाच-सहा फुटांचा फरक पडतो. पहिल्या वर्षी ‘अजून चार फेकी’ म्हणत मी खाडीच्या एका अरुंद फाट्यात थांबलो आणि होडी चिखलात बसली. उतरून ढकलावं तर पाय मांडीपर्यंत रुतले. बाजूला कालवांचे खडक, त्यांची धार सुरीसारखी. भरती येईपर्यंत तीन तास अंधारात बसून काढले, सोबत माझा लहान मुलगा होता. तेव्हापासून परतीची वेळ निघण्याआधीच ठरवतो आणि ती मोडत नाही. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, रात्री होडीचे दिवे चालू हवेत, आणि कुठे जातोय ते घरी सांगून निघायचं.

कोळंबी वर आली की लगेच बर्फात. वितळलेलं पाणी काढत राहा. निघताना काठ्या मोजा. दहा रोवल्या असतील तर दहाही उपटून होडीत आल्या पाहिजेत, कारण अंधारात मागे राहिलेली काठी दुसऱ्याच्या होडीवर आदळते.