वंशावळीतली रिकामी वर्तुळं

समाजशास्त्रात पीएचडीला नाव घातलं की वंशावळ काढायला लवकरच शिकवतात. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ओसरीवर कागद पसरून बसले, तेव्हा तासाभरात पाच पिढ्यांचे त्रिकोण भरले. वर्तुळं मात्र कोरीच. "आणि यांच्या मालकीणबाईंचं नाव?" विचारलं की आजोबा म्हणायचे, "बाईमाणसाचं नाव काय करताय? थोरल्याची आई, असं लिवा की."

मीही तसंच लिहून घेतलं. पहिल्या फेरीतला तो कागद अजून फायलीत आहे. त्यात तेवीस बाया आहेत आणि नावं चार.

नव्याने येणाऱ्यांना एक सांगते, नावापासून सुरुवात करू नका. स्वयंपाकघराच्या दाराशी बसा आणि माहेर विचारा. "थोरल्या जाऊबाई कुठल्या?" एवढ्यावर गाव निघतं, भाऊ निघतात, मग लहानपणचं नावही निघतं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत, म्हणून प्रत्येक वर्तुळाखाली दोन ओळी ठेवा. माहेरचं नाव आणि सासरचं नाव. हे न केल्यामुळे मी एकाच बाईला दोनदा मोजलं होतं. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात तर आत्या आणि सासू एकच निघते, आणि रेघा फिरून त्याच वर्तुळाशी येतात. तिथे आपलंच काहीतरी चुकलं म्हणून खोडू नका. चुकलेलं नसतं.

हे कोडं सोडवताना मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वाचायलाच लागतात. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 चा. देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार भाग करून कुठे कुणाशी लग्न चालतं, नात्यांना काय शब्द आहेत, हे त्यात मांडलंय. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. काही मांडणी आज जुनी वाटते, वाद घालावा अशीही आहे. पण आधी वाचा, मग वाद घाला.

त्यांच्याकडे बघताना मी सुरुवातीला सगळे विचारतात तेच विचारायचे, की बाईंना हे सगळं जमलं कसं? हा प्रश्नच कामाचा नाही. त्यांचीच वंशावळ काढायला घेतली तेव्हा कळलं. जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. वडील तिथे नोकरीला आणि मुलीचं नाव तिथल्या नदीवरून. सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेत शाळेला आल्या आणि फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. म्हणजे पुस्तकांचं घर मिळालं ते रक्ताच्या नात्याने नाही. वंशावळीत ही रेघ येतच नाही! मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे एमए. नवरा दिनकर धोंडो कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोनेही जावं हा त्यांचा आग्रह. विरोध होता सासऱ्यांचा, आणि सासरे कोण, तर विधवेशी लग्न करणारे, 1916 साली महिला विद्यापीठ काढणारे महर्षी धोंडो केशव कर्वे. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. पुरोगामी घर म्हटलं की सगळी दारं उघडी असतात असं नाही. शेवटी काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन त्या बर्लिनला गेल्या, कवटीच्या दोन बाजू सारख्या नसण्यावर प्रबंध लिहून 1930 मध्ये परतल्या. पुढे 1939 पासून अखेरपर्यंत डेक्कन कॉलेज.

'परिपूर्ती' नावाच्या लेखात त्यांनी स्वतःवरच एक किस्सा लिहिलाय. सभेत त्यांची ओळख सासऱ्यांची सून, नवऱ्याची बायको अशी करून दिली जाते. काहीतरी राहिलं असं वाटत त्या घरी निघतात, तर रस्त्यावरची पोरं एकमेकांना सांगतात, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. झाली ओळख पूर्ण! पहिल्या वाचनात मी हसले. साताऱ्याहून आल्यावर वाचलं तेव्हा 'थोरल्याची आई' आठवली. बाई मात्र ते लिहिताना कुरकुरत नाहीत, मजा घेतात. मला अजून ते तसं घेता येत नाही.

तेव्हा विषय नक्की करण्याआधी स्वतःच्या घराचा कागद काढा. पहाटे पोराला कोण उठवतं, गावाला गेलात तर दूध कोण घेतं, कुणाच्या पगारातून प्रवास होतो. माझ्याकडे सासूबाई होत्या. त्यांचं माहेरचं नाव मी लग्नानंतर आठ वर्षांनी विचारलं, तेही वंशावळ काढायचा सराव म्हणून. पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "कृष्णा. पण इथे कुणाला माहीत नाही, लिहू नकोस." लिहिलं नाही, म्हणजे प्रबंधात नाही.

आता कोरडं पण गरजेचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांत पीएचडीला किमान तीन वर्षं आणि कमाल सहा. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, आणि महिलांना त्याहून आणखी दोन. सगळं मिळून दहाच्या वर नाही. मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी पूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदललं, तर अटी पाळून काम दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. रजा मागायला गेले तर विद्यापीठाच्या कचेरीतल्या खिडकीतून उत्तर आलं, "असं काही नसतं, मॅडम, मार्गदर्शकांशी बोलून घ्या." मार्गदर्शक म्हणाले, हळूहळू करा. हळूहळू म्हणजे मुदत चालूच. चार महिने असे गेल्यावर नियमाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला, तेव्हा दोन आठवड्यांत मंजुरी आली. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासकट शिक्का मारून घ्या. खिडकी जेवणाच्या सुट्टीआधी गाठा.