गॅलरीतलं पॅनेल आणि लेथवरची पट्टी

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं संपली तेव्हा बॅटन होल्डर, अँगल होल्डर, पेंडंट होल्डर, सीलिंग रोज असं दिवे टांगायचं सगळं सामान मला तोंडपाठ होतं. ट्यूबलाइटच्या चोक-स्टार्टरची जोडणी तर डोळे मिटून करायचो. त्याच गुर्मीत चिपळूणजवळच्या एका घराचं पहिलं स्वतंत्र काम घेतलं आणि उघड्या गॅलरीत सहा गोल एलईडी पॅनेल लावली. मे महिन्यात सगळ्यांनी वाहवा केली. जून संपायच्या आत घरमालक काकांचा फोन आला, "अरे, तुझ्या लाईटात मासे सोडू का?"

जाऊन बघतो तर खरंच, काचेत पाणी आणि त्यात तरंगणारे पावसाळी किडे.

खोक्यावर आयपी २० लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. आयपी म्हणजे दिव्यात धूळ-पाणी किती अडतं याचा दर्जा. यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. २० म्हणजे आत बोट जाणार नाही एवढंच, पाण्यापासून काहीही संरक्षण नाही. बाथरूममध्ये निदान ४४ हवं, कारण त्याला चहूबाजूंचे शिंतोडे चालतात. उघड्यावर ६५ घ्या, त्यात धूळ शिरत नाही आणि पाण्याचा झोतही सोसतो. कारंज्यात कायम बुडालेली फिटिंग ६८ ची. मी पदरमोड करून सहाच्या सहा पॅनेल काढली आणि ६५ चे बल्कहेड, म्हणजे भिंतीवर बसणारे बंद दिवे लावले. तरी एकात पुन्हा पाणी! फिटिंग चांगली होती, पण वायर मी वरून आत घेतली होती आणि ग्लँड, म्हणजे वायरीभोवती आवळायचं बूच, ढिला सोडला होता. पाणी वायरीवरून घरंगळत थेट आत. तेव्हापासून वायर खालूनच आत नेतो आणि त्याआधी तिला एक झोल देतो, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो.

घरातल्या कामात नव्या पोरांची चूक वेगळी असते. फॉल्स सीलिंग दिसलं की ओळीने डाउनलाइट, म्हणजे छतात बसणारे दिवे ठोकत सुटतात. स्वयंपाकघरात छताच्या मधोमध कितीही मोठा दिवा लावा, ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाची सावली त्याच्याच हातावर पडते. म्हणून वरच्या कपाटाखाली प्रोफाइल लाइट, म्हणजे पट्टीसारखा लांब दिवा हवा. स्पॉटलाइट घेताना वॅट बघता तसा बीमचा, म्हणजे उजेडाच्या झोताचा कोनही बघा. ३६ अंशांचा स्पॉट दोन मीटर अंतरावर साधारण १.३ मीटर व्यासाचं वर्तुळ उजळतो, ६० अंशांचा सव्वादोन मीटरच्या वर जातो. भिंतीवरच्या चित्राला पहिला, बसायच्या जागेला दुसरा. झोपायच्या खोलीत ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बरा. ६५०० चा पांढराफटक लावला की खोली दवाखान्यासारखी दिसते, पण आपल्याकडे 'जास्त उजेड' म्हणून लोक तोच मागतात. कोव्हमधल्या, म्हणजे सीलिंगच्या कडेच्या खाचेतल्या एलईडी स्ट्रिपचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारा डबा) हात पोचेल अशा जागी ठेवा. पीओपीवाल्याने तो कायमचा बुजवला, तर जळाल्यावर सीलिंग तुम्हालाच फोडावं लागेल.

एक तक्रार हमखास येते: "स्विच बंद केला तरी दिवा मिणमिणतो." बहुतेक वेळा कुणीतरी स्विचमध्ये फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रल (परतीची तार) घेतलेला असतो. दिवा बंद दिसला तरी होल्डरमध्ये फेज जिवंत असतो, त्यामुळे हे नुसतं मिणमिणण्यावर सोडून देऊ नका. बल्ब फिरवून बसवायच्या आट्याच्या होल्डरला फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्याला जोडायचा.

अप्रेंटिसशिपमध्ये एका छोट्या वर्कशॉपात लेथवर (धातू फिरवून कापायच्या मशीनवर) एकच ट्यूबची पट्टी टांगलेली बघितली. उस्तादांनी ती लगेच बंद करायला लावली. आपली वीज सेकंदाला ५० सायकलची, त्यामुळे साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. २००० आरपीएमवर (मिनिटाला २००० फेरे) फिरणारा तीन जबड्यांचा चक, म्हणजे काम पकडणारा भाग, त्या उजेडात जागच्या जागी थांबल्यासारखा दिसू शकतो, कारण दर झपक्याला तो बरोबर एक तृतीयांश फेरा पुढे गेलेला असतो. थांबलाय समजून कुणी हात घातला तर? पूर्वी शेजारशेजारच्या पट्ट्या वेगवेगळ्या फेजवर टाकायचे. आता चांगल्या ड्रायव्हरच्या एलईडी लावतात. स्वस्त एलईडीतही हा दोष असतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा, पडद्यावर काळे पट्टे सरकले तर ती मशीनवर नको.

उंच शेडमध्ये टांगायचे मोठे हाय-बे दिवे, ऑफिसच्या सीलिंगमध्ये दोन बाय दोनची पॅनेल, रस्त्याला स्ट्रीटलाइट, हे तुम्ही बघून शिकाल. फ्लेमप्रूफ फिटिंग, म्हणजे पेट घेणारा गॅस असेल तिथली, मात्र कुणाकडून तरी नीट शिकून घ्या. लोटे परशुरामसारख्या केमिकल एमआयडीसीत काम मिळालं तर ती भेटणारच. तिचं नाव ऐकून वाटतं की आत गॅस शिरत नाही. शिरतो. आत ठिणगी पडून स्फोट झाला, तरी ज्वाला फ्लँजच्या (झाकण आणि डबा जुळतात त्या सपाट कडांच्या) अरुंद फटीतून बाहेर येईपर्यंत थंड व्हावी, अशी तिची बांधणी असते. म्हणून त्या फ्लँजवर रंग नको, सिलिकॉन नको, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं तर नकोच. एक ओरखडा पडला तरी फिटिंग बाद धरा. आणि आठ बोल्टांपैकी सात सापडले, तर आठवा त्याच जातीचा मिळेपर्यंत ती लाइन चालू करायची नाही, सुपरवायझर कितीही ओरडला तरी.