दहा मीटरपासून सुरुवात करा: गोव्यात नव्याने आलेल्या नेमबाजांसाठी

गोव्यात नोकरीला आलेली आपल्याकडची मुलं-मुली मला बहुतेक एकाच शब्दांत विचारतात, "ताई, लांब पल्ल्याचं रायफल शूटिंग शिकायचंय, पण हातात पैसे फार नाहीत. इथं कुठून सुरुवात करू?" प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे लिहिते आहे.

मी राधानगरी तालुक्यातली. आमच्याकडून फोंडा घाट उतरला की कोकण लागतं. मी तशीच उतरत उतरत नोकरीसाठी गोव्यातल्या फोंड्याला आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. नेमबाजीची ओढ गावाकडूनच आली होती. आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून खेळायच्या प्रकाराचं, कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून माझ्याकडे येणारे फोन दुपटीने वाढले. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून खेळायच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या होत्या. ही दोन नावं डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण दोघांचंही यश ५० मीटरवरचं आहे.

'लांब पल्ला' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हजार यार्डांवरची पाटी आणि भली मोठी दुर्बीण येते. इंग्लंडमध्ये बिस्लीच्या मैदानावर साधे नागरिक तेवढ्या अंतरावरून नेम धरतात, हे खरं आहे. आपल्याकडे तसं नाही. ३०० मीटरची रेंज बहुतेक सैन्याच्या नाहीतर निमलष्करी दलांच्या ताब्यात असते, आणि .३०३ किंवा ७.६२ सारखे बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापं) सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहेत. म्हणून गोव्यात राहून, पगारातून पैसे बाजूला काढून खेळणाऱ्याचा रस्ता १० मीटरवरून ५० मीटरवर जातो. त्यापुढे गेलात तर आनंदच आहे, पण तो विचार काही वर्षांनी करायचा.

हे ऐकून हिरमोड होऊ देऊ नका. नेमबाजीत चूक कोनात होते आणि अंतर ती चूक फक्त मोठी करून दाखवतं. १० मीटरवर ज्या डगमगीने गोळी १ मिलिमीटर सरकते, तीच डगमग ५० मीटरवर ५ मिलिमीटर आणि ३०० मीटरवर ३ सेंटीमीटर होते. ३०० मीटरच्या पाटीवर दहाचं, म्हणजे दहा गुण देणारं मधलं, वर्तुळ १० सेंटीमीटरचं असतं. तेच १० मीटरवर आणून ठेवलं, तर साडेतीन मिलिमीटरही भरत नाही. आणि १० मीटर एअर रायफलच्या पाटीवर दहाचा ठिपका किती? अर्धा मिलिमीटर. म्हणजे उभं राहून, हवेच्या रायफलीने, घरासमोरच्या अंगणात बसेल एवढ्या अंतरावर तुम्ही जे शिकता, ते लांब पल्ल्याचंच शिक्षण आहे. मग ज्यात एक गोळी दीड-दोन रुपयांना पडते, ते आधी का शिकू नये?

आता कायद्याचं बोलते, कारण परक्या राज्यात नवा माणूस इथंच अडकतो. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. त्याहून मोठा बोअर किंवा जास्त ताकद असेल तर लागतो. दुकानदार ओळखपत्र मागेल, ते द्या. बिल स्वतःच्या नावावर घ्या आणि त्याची एक प्रत कायम बॅगेत ठेवा. बिल नसलेली जुनी रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. .२२ ची, म्हणजे ५० मीटरला लागणाऱ्या, काडतूस उडवणाऱ्या रायफलीची, गोष्ट वेगळी आहे. स्वतःच्या .२२ साठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि पोलीस चौकशी होते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा इथंच कच्चा पडतो. म्हणून भाडेकरार नोंदवलेला हवा आणि पोलिसांकडे भाडेकरू पडताळणी झालेली हवी, याकडे पहिल्याच महिन्यात लक्ष द्या. पुढे परवान्याचा विचार केलात तर हेच कागद कामाला येतात. तोपर्यंत .२२ चा अनुभव क्लबच्या रायफलीवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली घ्यायचा. चौकशीची सुरुवात गोवा रायफल असोसिएशनपासून करा. ही संघटना राष्ट्रीय रायफल संघटनेशी जोडलेली आहे. राष्ट्रीय संघटना १९५१ ची, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी उभी केलेली, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांचा राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारा दरवाजा आहे. महाराष्ट्रातून आधी खेळला असाल तर राज्य बदलाचं काम संघटनेच्या नियमानुसार आधीच करून घ्या. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ते जमत नाही.

घरमालकाला मात्र पहिल्याच दिवशी सांगा. लपवून ठेवलेली लांबट बॅग शेजाऱ्यांना दिसतेच, आणि आपण इथं 'घाटावरची माणसं' आहोत, हे विसरून चालत नाही. मी आमच्या भाटकारांना, म्हणजे घरमालकांना, रायफल उघडून दाखवली, बिल दाखवलं, कागदाची पाटी दाखवली. नंतर त्यांचाच नातू माझ्याबरोबर रेंजवर यायला लागला. गावी जाताना रायफल रिकामी, बॅगेत बंद, गोळ्यांचा डबा वेगळ्या कप्प्यात. पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी थांबवली तर आपणहून सांगायचं, "एअर रायफल आहे, हे बिल." दोन मिनिटांत सोडतात.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगते. कोणीतरी येऊन म्हणेलच, "बागायतीत माकडांनी नारळ ठेवले नाहीत, जरा येशील?" किंवा सत्तरीकडच्या जंगलात रात्री रानडुकरामागे जायचं बोलावणं येईल. हात जोडून नाही म्हणा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या हाताला कागदावरच्या ठिपक्याची सवय लावायची आहे, त्याला जिवंत लक्ष्य दाखवू नये.

खरेदीत माझं मत स्पष्ट आहे. पहिले तीन महिने रायफल घेऊच नका. तो पैसा क्लबची फी, प्रशिक्षकाचे तास आणि गोळ्या यांवर घाला. क्लबची रायफल जुनी असली तरी ती तुमच्यापेक्षा चांगली नेम मारते, हे पहिल्या दिवशीच कळेल. तीन महिन्यांनंतरही सकाळी साडेपाचला उठून जावंसं वाटत असेल, तर भारतीय बनावटीची, मोडून दाब भरायची स्प्रिंगची किंवा गॅस रॅमची (स्प्रिंगऐवजी आत कोंडलेल्या वायूवर चालणारी) रायफल घ्या. साधारण दहा ते पंधरा हजारांत नीट नेम देणारी मिळते. बऱ्याच राज्यांच्या स्पर्धांत साध्या माशीच्या नेमाचा, म्हणजे ओपन साइटचा, वेगळा गट असतो. त्यात ही रायफल चालते का, हे विचारून घ्या. परदेशी मॅच रायफल, म्हणजे खास स्पर्धेसाठीची रायफल, दोन लाखांच्या पुढे जाते. ती हवीच असेल तर खेळ सोडलेल्या किंवा वरची रायफल घेतलेल्या खेळाडूकडून वापरलेली घ्या, आणि घेताना प्रशिक्षकाला बरोबर न्या. जॅकेट आणि पँट देशी घ्या, पण अंगावर घालून, मापाने घ्या. दुसऱ्याचं सैल जॅकेट फुकट मिळालं तरी ते पाठीला आधार देत नाही. दुर्बिणीवर पैसे घालू नका. १० मीटर आणि ५० मीटरच्या स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही.

गोळ्यांत मात्र काटकसर नको. चपट्या तोंडाच्या मॅच गोळ्या घ्या. कागदावर त्या स्वच्छ गोल भोक पाडतात. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे छोटे डबे आणा, रायफल टेकवून प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्या मारा आणि ज्यांची भोकं सगळ्यात जवळ पडतील, त्या पुढे वापरा. नुसत्या गोळ्या बदलून माझ्या स्प्रिंगच्या रायफलीच्या भोकांमधलं अंतर निम्म्यावर आलं होतं. गोळ्या शिशाच्या असतात. त्या ओठांत धरायच्या नाहीत, रेंजवर पाव खायचा नाही, आणि घरी आल्यावर आधी साबणाने हात.

सरावाबद्दल लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही, तरी नव्या माणसाला सगळ्यात लवकर फळ देणाऱ्या गोष्टी सांगते. उभं राहून रायफल धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नेम पाटीच्या डावीकडे गेला असेल तर हाताने ओढून आणू नका, मागचा पाय किंचित सरकवा. हाताने ओढून आणलेला नेम चाप दाबताना परत जातो, कारण स्नायू थकतात. हाडांवर पेललेलं वजन थकत नाही. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं, आणि रायफलीचं ओझं त्या हाडातून सरळ पायाखालच्या जमिनीत गेलेलं, हे ज्या दिवशी जाणवेल त्या दिवसापासून खरा खेळ सुरू होतो. मला ते जाणवायला सात महिने लागले. त्या दिवशी मी वहीत आकडा लिहिला नाही, फक्त तारीख लिहिली. चाप बोटाच्या पेराने हळूहळू दाबायचा, आणि गोळी सुटल्यावर दोन सेकंद तसंच बघत राहायचं. स्प्रिंगच्या रायफलीत गोळी नळीत असतानाच झटका बसतो, म्हणून तिला घट्ट आवळू नका. तळव्यावर नुसती ठेवा आणि दर वेळी एकाच जागी ठेवा. आणि स्प्रिंगची रायफल गोळी न भरता कधीही उडवू नका. पुढे हवेची उशी नसल्याने पिस्टन आपटून आतली सील फुटते. मोकळा सराव करायचा असेल तर फक्त धरण्याचा करा. दहा मिनिटं धरा, उतरवा, पुन्हा धरा. याला पैसा लागत नाही, आणि माझ्या मते आठवड्यातला सगळ्यात मोलाचा सराव हाच.

घरी सराव करायचा असेल तर १० मीटर सरळ जागा आणि मागे पक्की अडवण हवी. चिऱ्याच्या भिंतीवर थेट मारू नका, शिशाचे तुकडे उलटे येतात. लाकडी खोक्यात जुनी गोणपाटं आणि चिंध्या घट्ट कोंबा, त्यामागे लोखंडी पत्रा लावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. मधे दार उघडत असेल किंवा मांजर, मूल, कामवाली मावशी येण्याची वाट असेल, तर ती जागा सोडा.

आता गोव्याच्या हवेबद्दल, कारण हे तुम्हाला कोल्हापूर-पुण्याचा कोणी सांगणार नाही. माझ्या इथल्या पहिल्या पावसाळ्यात मी रायफल बॅगेत घालून कपाटात ठेवली आणि सहा आठवड्यांनी उघडली. नळीवर तांबूस गंजाची नक्षी आली होती, बॅगेच्या आतल्या फोमला बुरशी होती आणि गोळ्यांवर पांढरी भुकटी धरली होती. ती रायफल मी पुढे विकू शकले नाही. जून ते सप्टेंबर रायफल बॅगेत बंद ठेवू नका. कोरड्या खोलीत, लोखंडी कपाटात, कुलपात, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते दाणे तव्यावर मंद आचेवर तापवून परत भरून ठेवा. हाताळून झाल्यावर तेलाच्या फडक्याने धातू पुसा, कारण घामातलं मीठ इथल्या दमटपणात रात्रीत काम करतं. तेल थेंबभरच. स्प्रिंगच्या रायफलीत ते दाबाच्या नळीत गेलं तर आत स्फोटासारखा धूर होतो आणि नेम बिघडतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे रोज करावं, फोंडा-डिचोलीकडच्यांनी एक दिवसाआड केलं तरी चालेल.

गोव्याचा एक फायदाही आहे. मॅच रायफली दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात, २०० बारपर्यंत. हातपंपाने तो भरताना खांदे दुखतात आणि सरावाआधीच हात थरथरतात. इथं समुद्रात बुडी मारण्याची, म्हणजे स्कूबा डायव्हिंगची, हौस भागवणाऱ्यांची दुकानं आहेत. त्यांचे श्वासाच्या हवेचे सिलिंडर साधारण तेवढ्याच दाबाचे असतात, आणि ती हवा गाळलेली, कोरडी असते. आम्ही चौघांनी मिळून चाचणी झालेलं एक जुनं सिलिंडर घेतलं, भरण्याची नळी आणि दाबमापक घेतला, आणि खर्च चार ठिकाणी वाटला गेला. मात्र ऑक्सिजनचं सिलिंडर चुकूनही जोडू नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. रायफलीच्या सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते, ती बघून घ्या.

वर्षभराने क्लबच्या .२२ वर ५० मीटरला याल, तेव्हा वाऱ्याशी ओळख होईल. दहाचं वर्तुळ तिथं १०.४ मिलिमीटरचं, आणि ताशी पंधरा किलोमीटरचं आडवं वारं गोळीला साधारण अडीच सेंटीमीटर ढकलतं. म्हणजे धरणं, चाप, श्वास सगळं बरोबर होऊनही गोळी सातवर नाहीतर आठवर. म्हणून नुसती पाटी बघू नका. रेंजवरच्या झेंड्या बघा, पलीकडच्या माडांच्या झावळ्या बघा, बांधावरचं गवत बघा. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथं रोज भेटतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी वारं जमिनीकडून समुद्राकडे वाहतं आणि दुपारी समुद्राकडून आत येतं, बरंच जोरात. या दोन्हींच्या मधे, ऊन तापायला लागलं की, थोडा वेळ असा येतो की झेंडी काठीला चिकटून लोंबते. सरावाच्या गोळ्या आधीच मारून घ्या, माशी जुळवून ठेवा, आणि मोजायच्या दहा गोळ्या त्या वेळासाठी राखून ठेवा.